लिलावाआधी

न्यूलिनच्या धक्क्यावर पहाटे पावणेपाचला
रेडिओनं आकडा सांगितला तेव्हा
मी हेक माशांच्या पेट्या मोजत होते.

जोरीनं टोपी उडवली,
"आता समुद्र आपला!"
टोपी पाण्यात पडली.
मग बराच वेळ लोखंडी आकड्यानं
ती ओढत बसला.

टॅम्सिननं मिठाची गुळणी धरली;
बर्फात फावडं मात्र
गरजेपेक्षा जोरात मारत राहिली.

ब्रेस्टच्या व्यापाऱ्याचा फोन
रोजच्याच वेळी आला.
किती पेट्या?
चाळीस, मी म्हटलं.
दोघंही थोडं थांबलो,
मग भाव ठरवला.

रासा, लिथुआनियाहून आलेली,
नऊ वर्षं माझ्या शेजारी मासे सोलणारी,
सुरी एप्रनला पुसत म्हणाली,
"तू कुणाला दिलंस?"

मी पुन्हा पहिल्या पेटीपासून
मोजायला लागले.