मुद्दा सातवा

विप्के हॉयटेमा अठरा वर्षं बांधाचा कायदा शिकवत होती.
बांध म्हणजे समुद्राचा.
भाऊबंद ज्याच्यावरून कोर्टात जातात, तो नव्हे.
ग्रोनिंगेनच्या उत्तरेला जमीन पाण्याच्या पातळीखाली निजते,
म्हणून तिथे आधी बांध झाला,
मग चर्च, मग भांडणं.

पहिल्या तासाला ती फावडं घेऊन वर्गात यायची.
सांगायची, जुन्या काळी
ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणं झेपत नसे
तो त्यात फावडं रोवून निघून जाई.
जो ते उपसेल, जमीन त्याची.
समुद्रही त्याचाच.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं,
आणि जाणारा कुठे जाई?
त्यावर कलम नाही, ती म्हणायची, आणि फळा पुसायची.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिने अर्ज केला:
सचिव, कार्यकारी मंडळ.
आईला कारण सांगितलं, पगार.
फोल्कर्टला, ज्याच्या हाताखाली ती हे सगळं शिकली,
सांगितलं, बदल हवा.
फोल्कर्टने निरोपाचा केक कापला,
तुकडे अगदी सारखे केले.

नव्या कामाचं व्याकरण तिला लवकर आलं.
इतिवृत्तात कोणी काही करत नाही.
चर्चा झाली. नोंद घेण्यात आली. सर्वानुमते ठरले.
गणसंख्या पूर्ण, कर्ता गैरहजर.
ती टेबलाच्या टोकाला बसते,
कॉफी तिच्यापर्यंत येईतो कोमट.
अध्यक्ष दोन वाक्यं अर्धवट सोडतात,
ती तिसरं लिहिते, पूर्ण,
आणि पुढच्या बैठकीत ते मान डोलावतात:
हो, असंच म्हणालो होतो मी.
(हे तिला आवडतं. हे तिने कुणाला सांगितलेलं नाही.)

नोव्हेंबर. मुद्दा सातवा:
बांध व जलकायदा अध्यासन बंद करणे.
विद्यार्थी नऊ.
बाहेर वारा सायकली पाडत होता,
एकीच्या धक्क्याने दुसरी, रांगच्या रांग.
अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं:
कायद्याने काही अडचण?
तिने कलमं मनात चाळली.
पुन्हा चाळली, उलट्या क्रमाने,
किल्ली हरवल्यावर तोच खिसा पुन्हा तपासावा तशी.
अडचण नव्हती.
तिने तसं सांगितलं.

मग बराच वेळ कोणी बोललं नाही,
आणि सवयीने तिचा हात लिहीत राहिला:
कोणीही बोलले नाही.

मसुद्यात ते वाक्य तसंच गेलं.
परत आलं तेव्हा त्याखाली पेन्सिलीची रेघ,
समासात बारीक, सभ्य अक्षर:
हे आवश्यक आहे का?
तिने नियमावली काढली, पाहिलं.
आवश्यक नव्हतं.

फावडं आता तिच्या खोलीत असतं, दाराशी,
लोक त्याला ओल्या छत्र्या टेकवतात.
झाडलोट करणाऱ्या मिन्ताने एकदा विचारलं,
बाग आहे वाटतं तुमची?
विप्के म्हणाली, होती.
मग म्हणाली, नाही, बाग नव्हती.

फोल्कर्टचं उत्तर दोन दिवसांनी आलं.
इतिवृत्त अचूक आहे, नेहमीसारखं.
फक्त पान तीनवर
माझ्या नावातला र राहिलाय.

तिने र घातला.
दुरुस्तीची तारीख टाकली.
पुन्हा सगळ्यांना पाठवलं.