पंच्याहत्तर मीटर

फितीचं शून्य माझ्याकडे असतं.
साहेब चालत जातात, आकडा वाचतात,
मी उंबऱ्यावर अंगठा दाबून उकिडवा बसतो.
चौदा वर्षांत
शिरोड्यापासून आचऱ्यापर्यंत
बहुतेक परमिट रूमचे उंबरे
माझ्या अंगठ्याला ओळखतात.

आज वेंगुर्ल्यात, बंदराकडच्या वाटेवर,
द्वारका गिरप यांची खानावळ.
सहा टेबलं, फळ्यावर खडूनं: सौंदाळे, मुडदुशे, तिसऱ्या.
पुण्याची माणसं बसतात, विचारतात, थंड काय आहे?
ती म्हणते, सोलकढी.
माणसं हसतात, आणि उठतात.
म्हणून हा अर्ज, तीन प्रतींत,
दिराच्या संमतीपत्रासह,
जे त्यानं एका क्वार्टरच्या बदल्यात दिलं.

शाळा एकशे बारा. सुटली.
चर्च साहेबांनी डोळ्यांनीच मोजलं.
मग माडाखालचा तो दगड,
तेलानं काळा, बाजूला करवंटी, विझलेली विडी.
दारापासून अडुसष्ट.

"धार्मिक स्थळ," साहेब लिहू लागले.
"सायबानु, हो तर स्वतः घेता!
अवसेक अर्धी बाटली आमीच ठेवताव.
सकाळी रिकामी."
पेन थांबलं.
फॉर्मात राखणदाराचा रकाना नाही,
आणि पिणाऱ्या देवाकडे
पिण्याचा परवाना आहे का, हे विचारायचं कुणी?

"दार मागल्या अंगाक काढतलंय मगे,"
ती लगेच भिंत दाखवायला निघाली,
हातात कोयती तशीच, खवल्यांनी चमकणारी.

मी काही बोललो नाही.
आमच्या गावात बायांनी मतदान करून
बाटली आडवी केली
तेव्हा आई पहिल्या रांगेत होती, बोटाला शाई,
आणि बाबा त्याच आठवड्यापासून
खाडीपलीकडे जायला लागले,
ओहोटी बघून.
एकदा बघायची राहिली.
चपला अलीकडच्या काठावर होत्या, नीट जोडीनं.
मला ही नोकरी पुढच्या वर्षी लागली.

"परत धर," साहेब म्हणाले, "मागच्या दारापासून."
जे अजून नाहीच.
द्वारकाबाईंनी भिंतीवर कोळशानं चौकट ओढली,
थोडी तिरकी,
मी तिच्या तळाशी, शेवाळावर, अंगठा ठेवला.
"सरकवू नको हं!"
नाही साहेब.
वारा होता. फीत मध्येच थरथरली,
पोटात वाकली, पुन्हा ताठ झाली.
दगडाकडून आकडा अजून यायचा होता.