हजार प्रतींपुरतं

तांबट लेन. खाली भांड्यांची ठोकाठोक,
वर शलाका वडनेरेचं टेबल.
तिनं चित्र पुढे सरकवलं:
पोचा आलेला हंडा, बाकी सगळं कोरं.
माझ्या कादंबरीत हंडा नाही कुठेच.
तरी म्हटलं, घेतो.

"विकत नाही," ती म्हणाली, "वापरायला देते.
मराठी, छापील, पहिली आवृत्ती, हजार प्रती.
मूळ चित्र माझ्याकडे.
हंड्यावर तुमचं नाव नको, खाली घाला.
आणि माझं आतल्या पानावर, वाचता येईल एवढं."
साडेसहा हजार. निम्मे आधी.

मी घासाघीस करणार होतो,
मेन रोडला मोज्यांसाठी करतो तशी.
तेवढ्यात खालचा एक ठोका चुकला
आणि आम्ही दोघं गप्प, पुढचा पडेपर्यंत.
सही केली.

आता सातशे बारा प्रती पलंगाखाली.
दुसऱ्या आवृत्तीचं कलम कोरं करकरीत.
परवा रविवार कारंज्याजवळच्या दुकानात
एकानं पुस्तक उचललं, उघडलं नाही,
पोच्यावरून अंगठा फिरवला,
ठेवून दिलं.

शलाकाला फोन करून एवढंच सांगितलं.
ती थोडं थांबून म्हणाली,
"हे करारात नव्हतं.
राहू द्या."