बेसा, प्लॉट चव्वेचाळीस

तीन पिशव्या, तीन चिठ्ठ्या.
गोरेवाड्याच्या सागाखालची माती,
कळमेश्वरच्या संत्राबागेतली,
आणि बेसाची: पऱ्हाटी होती तिथे,
आता मुरूम, चुन्याच्या रेघा, लेआउट.

कुंदा गेडाम काचेच्या बशा उघडते.
सागाखालची वस्ती दाटीची,
पिवळे, गुलाबी, राखी ठिपके
एकमेकांच्या अंगणात शिरलेले.
बागेच्या बशीत एकाच जातीचा मोहल्ला,
युरियावर पोसलेला.
बेसाच्या बशीत अकरा ठिपके.
पुन्हा मोजते. अकराच.

नोंदवहीत रकाना: जमिनीचा वापर.
लिहिते, निवासी.

घरी जाताना स्कूटी त्याच मुरमावरून.
हप्ते अजून सात वर्षं.

रात्री पिशवीतली उरलेली मूठभर सागाखालची माती
तिनं प्लॉटच्या कोपऱ्यात पुरली.
नवऱ्याला वाटलं,
खत असेल.