शिलाई बाकी

पित्रपाट लागला की औशाच्या आठवडी बाजारात
भाजीच्या रिकाम्या ओट्यावर
महेबूब टेलर भुतं नाचवायचा.
मी त्याच्याकडं काजं-बटनाला.
दिवसा काजं,
रात्री हडळीचे दोन्ही पाय.

पाय उलटे लावायचे असतात, मला ठाऊक होतं.
पण मी उलट्याचे उलटे लावले,
ती सरळ चालत आली.
पोरं ओरडली, "ही हडळ नाही, ह्या तर मास्तरीणबाई!"
मास्तरीणबाई पुढच्याच पोत्यावर बसल्या होत्या.
त्यांनी पाय हळूच लुगड्यात ओढून घेतले.

खवीसाचं डोकं भोपळ्याचं.
तिसऱ्या रात्री ते नासलं,
लोक नाकाला पदर लावून म्हणाले,
"काय खरं खरं वाटूलालंय!"
दोऱ्या शिवणीच्याच, त्यामुळं वेताळ
खेळात एकदा तरी तुटून पडायचा,
आणि पडद्यामागून टेलर :
"थांबा हो, भूत मेलं. गाठ मारतो."

कपडे मात्र अस्सल.
दुकानात एक पत्र्याची ट्रंक होती.
माप देऊन गेलेले
आणि न्यायला न आलेले, सगळे तिच्यात.
एक साखरपुड्याचं जाकीट. एक शाळेची खाकी चड्डी,
तिला मात्र टेलरनं कधी हात लावला नाही.
प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी :
नाव, तारीख, शिलाई बाकी.
सहा वर्षं वाट बघायची, मग कात्री.
कात्रीआधी तो चिठ्ठीला सलाम करायचा.
"माफ करना साब. तुम्हीच आला नाहीत."

त्या साली झोटिंग नवा होता. राखाडी सफारी.
नऊला लाईट गेली, रोजच जायची,
मी बॅटरी दातात धरली,
हातात हडळीचे पाय.
झोटिंग वरून लोंबत आला आणि त्याचं ठरलेलं वाक्य बोलला :
"माझं काय राहिलंऽऽय? माझं काय राहिलंऽऽय?"

अंधारातून एक बाई म्हणाली,
"अडतीस रुपये."

सोजरबाई. निवृत्ती कंडक्टरची बायको.
औसा-निलंगा गाडीवरचा निवृत्ती,
जो निवृत्तीच्या आठवडाभर आधीच गेला
आणि सत्काराला शिवायला टाकलेला सफारी
इथंच राहिला.
ती उठली, पोरांच्या डोक्यांवरून वाट काढत
थेट ओट्याशी आली, बाही चिमटीत धरली.
"डावी बोटभर आखूड केलीस रे महेबूब.
त्यांनी घातला असता तर ऐकवलं असतं."
मग कनवटीचे चाळीस रुपये काढून
झोटिंगाच्या कापडी पंजात खोचले.

बाजार चिडीचूप.
कुठं तरी एक शेंग फुटली.

आणि झोटिंग म्हणाला,
"सुट्टे नाहीत. उतरताना घ्या."

असं हसलं गाव! म्हातारे खोकले,
कुणाचं तरी तान्हं दचकून रडलं,
आणि सगळ्यांत मोठ्यानं हसल्या सोजरबाई,
हसता हसता खाली बसल्या,
बसल्यावर बराच वेळ उठल्या नाहीत.

रात्री दोऱ्या गुंडाळताना टेलर म्हणाला,
"भारी बोललास रे. आवाज कुठून काढलास?"
मी म्हणालो, "माझ्या तोंडात तर बॅटरी होती.
मला वाटलं, तुम्हीच."
तो काही बोलला नाही.
दुकानाचं शटर दोनदा ओढून पाहिलं,
आणि मला घरापर्यंत सोडायला आला.
मी सोडायला नको म्हणालो नाही.

आता टेलर नाही. ट्रंक माझ्याकडं.
मागं एकदा ती चिठ्ठी सापडली, उलटून पाहिली.
मागच्या बाजूला, तिकिटामागं लिहितात तसं,
निळ्या शाईत, घाईत :
दोन रुपये देणे.
अक्षर टेलरचं नाही. माझं नाही.
कुणाचं, ते विचारत बसलो नाही,

दोन रुपयांचं एक नाणं चिठ्ठीत गुंडाळून ठेवलं.
सोजरबाई नव्वदीला आल्यात,
अजून खिडकीशीच बसलेल्या असतात,
आणि उतरायचं
नाव काढत नाहीत.