दोन तबकड्या

महिन्याच्या वीस तारखेला मी निघते,
फेल्टचे बूट, काखेत वही.
गावात एकोणचाळीस मीटर, वेन्यामिनचा शेवटचा.
त्याच्यापुढे फक्त चेप्त्सा नदी,
आणि ती जानेवारीत वाहत नाही,
तिच्यावरून ट्रक जातात.

या खेपेला फाटकापासूनच कळलं, काहीतरी आहे.
खिडक्यांच्या काचा दात वाजवत होत्या.
लुकेरिया दारात, कानांवर शाल, शालीवर शाल:
"जा खाली. शास्त्रज्ञ तळघरात आहेत."

खाली बंद पडलेल्या डेअरीची मोटर
रेल्वेच्या स्लीपरवर आवळून बसवलेली.
जाड पाइपाच्या पोटात पोलादी तबकडी,
तिच्या कडेला बहात्तर भोकं,
आरपार नव्हे, अर्धीच,
ऑक्टोबरभर एकेक करून पाडलेली.
खर्ची पडले सात ड्रिल, एक अंगठा.

तो ओरडून सांगत होता, मी ओठांवरून वाचत होते:
"अनफीसा, भोकात पाणी ताणतं, ताणतं आणि फाटतं.
तिथे बुडबुडा होतो. आत जवळजवळ काहीच नसतं.
मग भोवतालचं पाणी त्याच्यावर तुटून पडतं,
तो मिटतो, आणि मिटताना तापतो.
लाखो मिटतात. ऐकतेस ना?"

गाव ऐकत होतं.

"एक किलोवॅट घालतो, दीड काढतो.
वरचा अर्धा पाण्याचा स्वतःचा."

वर येऊन रेडिएटरला हात लावला, चटका बसला.
बाहेर उणे एकतीस,
आत मांजर पाठीवर पसरलेलं, चारी पाय चार दिशांना.
खोटं कसं म्हणणार?

पण माझं काम पडवीतल्या पेटीशी.
काचेआड तिथेही एक तबकडी, ॲल्युमिनियमची, मुकी,
कडेला लाल खूण.
ती खूण दिसेचना, इतकी फिरत होती.
मागचा महिना दोनशे चौदा.
हा महिना दोन हजार सातशे नव्वद.
आकडा लिहिताना पेन्सिल जड झाली.
लिहिला.

वेन्यामिन मागे उभा होता, चकित वगैरे झाला नाही.
कोटातून स्वतःची वही काढली:
लिटर, अंश, मिनिटं, तेलाच्या बोटांचे ठसे,
आणि शेवटच्या ओळीत शून्य पूर्णांक त्र्याण्णव.
खाली तारीख, चार डिसेंबर.

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत आहे?
साधी कॉइलसुद्धा एवढंच देते, वेन्या. आवाजाशिवाय."

"माहीत आहे," तो म्हणाला.
"पण तोवर भोकं पाडून झाली होती."

बिल चार हप्त्यांत फिटलं,
तिसऱ्या हप्त्यात बादलीभर मध होता, तो नोंदीत नाही.
फेब्रुवारीत सील गेलं, तळघरात घोटाभर पाणी.
तबकडी बाहेर निघाली ती देवी येऊन गेलेल्या चेहऱ्याची,
भोकाभोकांत पोलाद कुरतडलेलं.
बुडबुड्यांनी. ज्यांच्यात जवळजवळ काहीच नव्हतं.
त्याने ती उजेडात धरली, बराच वेळ,
मला वाटतं, थोडी कौतुकानेच.

मार्चमध्ये गेले तर भिंतीशी बर्चच्या ढलप्यांची चळत,
चूल पेटलेली.
पेटीतली लाल खूण निवांत, एक फेरा घेईतो
माझा चहा ओतून झाला.
लुकेरियाने आंबवलेला कोबी वाढला, करकरीत.
पिंपाच्या लाकडी झाकणावर वजन म्हणून
बहात्तर भोकांची ती बसली होती.

"दाब चांगला आहे हिचा," लुकेरिया म्हणाली,
आणि आणखी वाढला.