कस

मामाच्या पेढीवर, जांभळी नाक्याला,
कसोटीचा काळा दगड होता.
दागिना घासला की रेघ उमटायची,
मामा चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचा,
"बावीसचं नाही हे. वीस, फार तर."
ज्या बाईचं डोरलं असेल ती
दगडाकडे नाही,
मामाच्या तोंडाकडे बघत असायची.

मी रबाळ्याला, एमआयडीसीत,
दुसऱ्या मजल्यावर सोनं उकळते.
आधी फिकट पिवळं, मग पाण्यासारखं, मग काळसर,
आणि मग एकदम
कोकमाच्या सरबताचा रंग.
मामाला बाटली नेऊन दाखवली तर त्यानं हुंगली.
"हे सोनं?"
हो. इतकं बारीक केलं की पिवळेपणा सोडतं.
"मग विकायचं कसं?"

काच नीट धुतली नाही, मिठाचा कण राहिला,
तर कण कणाला चिकटतो
आणि सगळं जांभळं पडतं, वाया.
एकदा आठवडाभराचं गेलं.
एकदा ट्रान्सफॉर्मर उडाला तेव्हा.

पेढीतला केर झारेकरी विकत न्यायचा,
धुऊन धुऊन गुंजभर सोनं काढायचा.
माझा धंदा उलटा:
मी सोनं घालते
आणि कुणाच्या तरी थेंबभर रक्तात
छातीत कळ यायच्या आधी सुटलेलं
एक प्रथिन शोधते.
सापडलं तर पडद्यावरचा डोंगर
तीन नॅनोमीटर उजवीकडे सरकतो.
एवढंच.

बाजारात मिळते ती पट्टी,
सकाळच्या पहिल्या लघवीची,
तिच्यावरची लाल रेघही सोन्याचीच असते बहुतेक वेळा.
ऐरोलीच्या बाथरूममध्ये मला हे माहीत होतं.
पहिली रेघ फक्त सांगते, पट्टी खोटी नाही.
दुसरीची जागा मी ट्यूबलाइटखाली धरली,
मग खिडकीत,
मग मोबाइलच्या उजेडात.
असं चौदा महिने.
बाविसाचं नाही, विसाचं नाही,
नुसता पांढरा कागद.
नंतर मी विकत आणणं बंद केलं.

आज नमुना एक्केचाळीस.
वाशीच्या इस्पितळातून आलाय, नाव नाही, नुसता आकडा.
नाझनीन तुंगेकर पडद्यासमोर,
मी हातमोजे काढत मागे उभी.
डोंगर सरकला की नाही
हे मला दोन पावलं पुढे जाऊन दिसलं असतं.

मी नाझनीनच्या तोंडाकडे बघतेय.